रात्रीचे नाटक संपल्यावर मुंबईत जेवायचे कुठे?

ताई, आपण विचारले आहे की सांगलीहून आठ जण दोन नाटके पाहण्यासाठी मुंबईला जाणार आहेत. शनिवारी रात्री साडेआठचा प्रयोग दादरच्या शिवाजी मंदिरात आहे, रविवारी रात्रीचा प्रयोग जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आहे आणि दोन्ही दिवस मुक्काम दादर पूर्वेला आहे. मंडळींत दोघे ज्येष्ठ असून त्यांपैकी एकांना मधुमेह आहे, निम्मे जण शाकाहारी आहेत आणि प्रयोग सुटल्यावर शांतपणे बसून जेवता यावे, नाटकावर बोलता यावे अशी आपली इच्छा आहे. ही इच्छा मला अगदी मनापासून पटते. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या गावच्या माणसांना नाटक पाहून मुकाट्याने झोपी जाणे जमत नाही. फरक इतकाच की सांगलीत भावे नाट्यमंदिरातून बाहेर पडलो की थोड्या वेळात घरी पोचतो आणि पिठले-भात टाकून मध्यरात्रीपर्यंत चर्चा करता येते. मुंबईत ती सोय आधी ठरवून ठेवावी लागते, आणि ‘आधी’ म्हणजे नाटकाची तिकिटे काढतानाच.

बहुतेक जण नाट्यगृहाच्या जवळ नामांकित हॉटेल कोणते, इथून शोध सुरू करतात. माझा सल्ला असा की शोध मुक्कामाच्या ठिकाणापासून सुरू करावा. रात्री सव्वाअकराला नाट्यगृहातून बाहेर पडल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी घटत जातात, एक म्हणजे उघडी स्वयंपाकघरे आणि दुसरी म्हणजे परतीची साधने. लोकल गाड्या रात्री एकच्या सुमारास थांबतात आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. शनिवारी रात्री रुळांच्या कामासाठी ब्लॉक असेल तर शेवटच्या गाड्यांचे वेळापत्रकही बदलते. शिवाय वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, तिथे टॅक्सीच करावी लागते, आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत टॅक्सी-रिक्षांना सव्वापट भाडे द्यावे लागते. आठ माणसांना दोन टॅक्सी लागणार, हेही हिशेबात धरावे. म्हणून जेवणाची जागा नाट्यगृहाकडून मुक्कामाकडे जाणाऱ्या वाटेवर किंवा थेट मुक्कामाच्या दारात असावी. उलट दिशेला असलेले हॉटेल कितीही नावाजलेले असले तरी ज्येष्ठांना घेऊन मध्यरात्री तिकडे जाऊ नये.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या शहरात रात्री चूल तिथेच पेटलेली असते जिथे माणसे कामासाठी जागी असतात. रेल्वे स्थानके, मोठी रुग्णालये, घाऊक बाजार, विमानतळाचा परिसर आणि रात्रपाळीची कार्यालये यांच्या आसपास खाण्याची काही ना काही सोय सापडते. केवळ वस्ती असलेल्या भागात, मग तो कितीही संपन्न असो, अकरानंतर शटर खाली येतात. मुंबईच्या पावभाजीची जी जन्मकथा सांगितली जाते तीही रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या कापूस व्यापाऱ्यांची आणि गिरणी कामगारांची आहे. उरलेल्या भाज्या एकत्र ठेचून मोठ्या तव्यावर गरम करायच्या आणि पावाबरोबर वाढायच्या, हे अन्नच मुळी घरी जेवायला वेळेत न पोचणाऱ्यांसाठी घडले. नाटक पाहून निघालेला प्रेक्षक त्याच रांगेत उशिरा येऊन उभा राहतो, इतकेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण आपण लिहिले आहे की ‘आता मुंबईत हॉटेले चोवीस तास उघडी असतात असे ऐकले आहे’. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बहुतेक आस्थापनांना दिवसरात्र व्यवसाय करण्याची मुभा दिली, हे खरे आहे. जानेवारी 2020 मध्ये मुंबईत अनिवासी भागांतील मॉल आणि गिरण्यांच्या आवारांतील उपाहारगृहे रात्रभर चालू ठेवण्याचा निर्णयही झाला होता, पण पुढच्या दोन महिन्यांत टाळेबंदी आली. परंतु मुभा असणे आणि चूल चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्रभर हॉटेल चालवायचे तर आचारी आणि वाढपी यांची आणखी एक पाळी लागते, त्यांच्या घरी जाण्याची सोय लागते आणि एवढा खर्च निघेल इतके गिऱ्हाईक रोज लागते. शनिवारच्या गर्दीवर मंगळवारची रात्र भागत नाही. त्यामुळे जुनी, कौटुंबिक, मराठी पदार्थांची उपाहारगृहे आपल्या पूर्वीच्याच वेळा पाळतात.

दारू देणाऱ्या ठिकाणांचे नियम वेगळे आहेत. मुंबईत परमिट रूमला साधारणपणे रात्री दीडपर्यंत परवानगी असते, आणि याचा आपल्याला वेगळाच उपयोग होतो. अशा पुष्कळ हॉटेलांत वरच्या मजल्यावर किंवा मागच्या बाजूला कुटुंबांसाठी स्वतंत्र, वातानुकूलित विभाग असतो, जिथे तुम्ही पाण्याशिवाय काही पिणार नसलात तरी तुमचे स्वागत होते. त्यांचे स्वयंपाकघर साध्या शाकाहारी हॉटेलापेक्षा तास-दीड तास अधिक चालते. आपल्याकडच्या कित्येक मंडळींना ‘परमिट रूम’ ही पाटी पाहून आत जाण्याचा संकोच वाटतो. तो बाजूला ठेवला तर बसून, पंख्याखाली किंवा एसीत, गरम जेवण मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त याच ठिकाणी असते.

आता फोन कसा करावा याविषयी सांगतो, कारण नेमकी तिथेच गफलत होते. मोबाइलच्या नकाशावर ‘उघडे आहे’ असे दिसते ते हॉटेलमालकाने कधीतरी भरलेल्या वेळेवरून. ‘हॉटेल किती वाजेपर्यंत उघडे असते?’ असे विचारले की गल्ल्यावरचा माणूस शटर बंद होण्याची वेळ सांगतो. आपण विचारायचे ते असे: ‘शनिवारी रात्री शेवटची ऑर्डर किती वाजता घेता, आणि साडेअकराला आठ जण आलो तर बसून जेवता येईल का?’ शेवटची ऑर्डर बहुधा बंद होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली जाते. बारा वाजता बंद होणारे हॉटेल म्हणजे आपल्या दृष्टीने सव्वाअकराला बंद झालेले हॉटेल. हा फोन दुपारी न करता आदल्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास करावा. त्या वेळी कोणी फोन उचलला आणि मागे भांड्यांचा आवाज ऐकू आला, तर उत्तर मिळण्याआधीच निम्मी खात्री पटते.

शनिवारसाठी माझी योजना अशी आहे. साडेआठचा दोन अंकी प्रयोग मध्यंतरासह सुमारे अडीच तास चालतो, आणि प्रत्यक्ष पडदा थोडा उशिरा उघडतो हे धरले तर सव्वाअकरापर्यंत आपण प्लाझा चित्रपटगृहासमोरच्या फुटपाथवर असाल. मुख्य जेवण त्या वेळेवर सोपवू नका, ते आधीच उरका. साडेसहाच्या सुमारास गडकरी चौकातील ‘आस्वाद’ मध्ये जा. शनिवारी संध्याकाळी तिथे रांग असते, त्यामुळे त्याहून उशीर करू नका. रांग फारच मोठी दिसली तर स्थानकाजवळ मामा काणे यांचे उपाहारगृह आहे, जे 1910 पासून चालू आहे, किंवा गोखले रस्त्यावर ‘प्रकाश’ आहे, जिथला साबुदाणा वडा आणि पियुष आपल्या ज्येष्ठांनाही आवडेल. पियुष गोड असते, एवढे मात्र मधुमेह असलेल्यांना आठवण करून द्या. ही सगळी ठिकाणे नाटकाआधीची आहेत. नाटक सुटल्यावर त्यांच्या भरवशावर बाहेर पडू नये.

मध्यंतरात शिवाजी मंदिरचा बटाटावडा चुकवू नये. 1965 पासून उभ्या असलेल्या या वास्तूत वडा हा प्रयोगाचाच भाग मानला जातो. पण आठही जणांनी रांगेत उभे राहू नये. दिवे लागताच दोन तरुणांनी पुढे व्हावे, एकाने कूपन घ्यावे आणि दुसऱ्याने वड्यांचा घाणा निघतो तिथे थांबावे. कागदावर ठेवलेला वडा हाताला चटका देण्याइतका गरम असतो, वर सुकी लसणीची चटणी पडते, आणि तिसरी घंटा होईपर्यंत चहासकट सगळे आटोपावे लागते. ज्येष्ठांना त्यांच्या खुर्चीजवळच राहू द्या, आणि वडा जिन्याजवळ किंवा बाहेरच संपवा. प्रेक्षागृहात खाणे नेऊ नये, ही आपली सांगलीची शिस्त तिथेही पाळावी.

संध्याकाळचे जेवण आणि मध्यंतरातला वडा झाला की रात्री लागते ती केवळ हलके खाण्याची आणि बसायची जागा. त्यासाठी पश्चिमेला रेंगाळू नका. टॅक्सीने थेट दादर पूर्वेला, दादर टी.टी.च्या बाजूला या आणि मुक्कामापासून चालत जाता येईल असे कुटुंबविभागाचे हॉटेल वर सांगितल्याप्रमाणे आधी ठरवून ठेवा. तिथे गेल्यावर मेनू कार्ड पहिल्या पानापासून वाचत बसू नका. त्या वेळी आचारी आवराआवर करत असतो, म्हणून पटकन होणारे आणि ताजेच करावे लागणारे पदार्थ मागवावेत: डाळ खिचडी, जिरा राईस आणि डाळ तडका, टोमॅटो सूप, तवा पुलाव, मांसाहारी मंडळींसाठी ऑम्लेट किंवा भुर्जी. रात्री बाराला मागवलेली बिर्याणी किंवा ग्रेव्हीची भाजी बहुतेक वेळा दुपारची गरम केलेली असते. ऑर्डर सगळ्यांची एकदमच द्या. नंतर ‘अजून एक रोटी’ म्हटले तर तंदूर विझलेला असतो.

रविवारचे गणित वेगळे आहे. 1978 साली सुरू झालेल्या पृथ्वी थिएटरमध्ये प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत, मग कारण काहीही असो. आसनांवर क्रमांक नसल्यामुळे आधी येऊन रांगेत उभे राहणाऱ्यांना हवी ती जागा मिळते. म्हणजे प्रयोगाआधी दूरवर जेवायला जाऊन धावत परत येण्याची सोय इथे नाही. त्यापेक्षा दीड तास आधी पोचा आणि आवारातल्या कॅफेत झाडांखाली बसून खाऊन घ्या. ज्येष्ठांना ती जागा नक्की आवडेल, आणि प्रयोगाआधी कलाकार मंडळी तिथे वावरताना दिसतात, तो आनंद वेगळाच असतो. प्रयोगानंतर मात्र कॅफेवर विसंबू नका.

तिथून बाहेर पडल्यावर जवळचा आणि भरवशाचा पर्याय म्हणजे कूपर रुग्णालयाजवळचे ‘अमर ज्यूस सेंटर’. ते मध्यरात्रीनंतरही चालू असते, आणि रुग्णालय शेजारी असल्याने वर सांगितलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो. पावभाजी, डोसा, सँडविच, ज्यूस असे सगळे शाकाहारी खाणे तिथे मिळते. मात्र बसायची सोय अपुरी आहे, बहुतेक जण उभ्यानेच किंवा गाडीत बसून खातात. म्हणून ज्येष्ठांसाठी गाडी थांबवून ठेवावी, म्हणजे त्यांना आतच बसून खाता येईल आणि लगेच दादरकडे निघता येईल. जुहूच्या चौपाटीवरचे स्टॉलही उशिरापर्यंत असतात, पण वाळूतून चालणे आणि ओरडून बोलावणारे विक्रेते या दोन्हींचा ज्येष्ठांना त्रास होतो. तो पर्याय तरुणांसाठी ठेवा.

पुढे कधी नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात प्रयोग असेल तर दक्षिण मुंबईत पर्याय अधिक आहेत. ताजच्या मागे 1946 पासून चालत आलेले ‘बडेमियाँ’ मांसाहारी मंडळींसाठी आहे, गिरगाव चौपाटीसमोर ज्यूस-आइस्क्रीमचे ‘बॅचलर्स’ आहे, हाजी अलीला ज्यूस सेंटर आहे आणि ताडदेव बस डेपोजवळ ‘सरदार’ची पावभाजी आहे. सरदारकडे लोणी सांगूनही कमी पडत नाही, म्हणून मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी तिथे इतरांच्या ताटातला एक घास घेऊन थांबावे. या सगळ्या ठिकाणांहून दादरकडे परतणे मात्र लांबते, तेवढा वेळ धरावा.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी रात्री साडेअकराचे जेवण ही केवळ गैरसोय नसते. गोळी किंवा इन्सुलिनची वेळ कशी ठेवायची हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि प्रयोगाआधीचे जेवण हेच त्यांचे रात्रीचे मुख्य जेवण राहू द्या. त्यांच्या पिशवीत खाण्याचे थोडे तरी काही असलेच पाहिजे. मी स्वतः सांगलीहून निघताना भडंगाची मोठी पुडी आणि वेगळ्या डब्यात भाजलेले शेंगदाणे बरोबर नेतो. भडंग चार-पाच दिवस कुरकुरीत राहते, आणि हॉटेल अनपेक्षितपणे बंद निघाले तर मुक्कामाच्या खोलीत कांदा चिरून, लिंबू पिळून आठ जणांची चर्चा त्याच्यावर सहज होते.

मुंबईहून सांगलीला येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री साडेआठच्या आसपास दादर सोडते, त्यामुळे रविवारचे नाटक पाहून त्याच रात्री तिने परतणे शक्य नाही. सोमवारचे आरक्षण केले नसेल तर आजच करा. दोन्ही नाटकांची नावे इथे कळवलीत तर प्रयोगाचा कालावधी पाहून फोनवर कोणती वेळ सांगायची ते मी नेमके लिहीन. तीन अंकी नाटक असेल तर वरच्या सगळ्या वेळा पाऊण तास पुढे जातील आणि शनिवारचे हॉटेलही त्याप्रमाणे निवडावे लागेल.