गच्चीवरचं सेविचे: लिंबाआधी मासा ठरवा

मे महिन्यात गच्चीवर दहा-बारा पाहुणे आणि सुरुवातीला सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेले माशाचे तुकडे, हा बेत झकास आहे. माझी हरकत आहे ती पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून सकाळी आणलेला रावस लिंबात मुरवून कच्चाच द्यायला.

लिंबाने मासा पांढरा पडतो, घट्ट होतो आणि शिजल्यासारखा दिसतो. पण आम्लाने फक्त प्रथिनं आळतात. ॲनिसाकिससारख्या कृमींच्या अळ्या त्याने मरत नाहीत, सगळे जिवाणूही मरत नाहीत. बाजारातला मासा कितीही ताजा असला तरी तो कच्चा खायचा म्हणून कोणी हाताळलेला नसतो. एकाच ओंडक्यावर, एकाच सुरीने सगळं कापलं जातं. कालवणाला, तळायला तो उत्तमच. सुरमई, बांगडा, टूना वाटेत तापले तर त्यांत हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं, आणि ते गोठवूनही जात नाही, शिजवूनही नाही. रोहू-कटला तर कच्चे कधीच नकोत.

कच्चाच हवा असेल तर त्यासाठीच गोठवलेला समुद्री मासा घ्या. पाकिटावर ‘साशिमी’ (कच्च्या माशाचा जपानी प्रकार) लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. किती अंशांवर, किती वेळ गोठवलाय ते विचारा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक असा: उणे 20 अंश सेल्सिअसवर 7 दिवस, किंवा उणे 35 वर कडक गोठवून तिथेच 15 तास. घरच्या फ्रीझरवर यासाठी विसंबू नका, तो साधारण उणे 18 पर्यंतच जातो. आणि गोठवण्याने कृमी मरतात, जिवाणू नव्हे, म्हणून पुढचा थंडावा महत्त्वाचा.

हवाबंद पाकिटाला आधी चीर द्या, मग मासा रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्या. ओट्यावर नको. अर्धा किलोचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करा, मीठ चोळा. आठेक लिंबं हलक्या हाताने पिळा. साल दाबून पिळलं की रस कडवट होतो. लाल कांदा उभा चिरून बर्फाच्या पाण्यात ठेवा, उग्रपणा जातो. मिरची, कोथिंबीर, आणि आपल्याकडे या दिवसांत मिळते ती कैरी, अगदी बारीक चिरून. पेरू देशात सेविचेसोबत उकडलेलं रताळं देतात. त्याच्या गोडीने आंबट सावरतं, ते वगळू नका. रस पाहुणे बसल्यावरच घाला, दहा-पंधरा मिनिटं पुरे. वाडगा बर्फाच्या परातीत ठेवून वाढा. उरलेलं टाकून द्या, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

मनासारखा मासा मिळाला नाही तर कोळंबी उकडून, पूर्ण गार करून याच रसात घाला. इक्वाडोरमध्ये कोळंबीचं सेविचे शिजवलेल्या कोळंबीचंच करतात, आणि चव जराही उणी वाटत नाही. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी येणार असेल तर हा उकडलेला वाडगा करायचाच. चमचा वेगळा ठेवा आणि कुठल्या वाडग्यात काय आहे ते वाढतानाच सांगा.