डिप्रेशनची गोळी सोडायचीय? मग जरा दमानं घ्या

यावेळचे जवळपास सगळे प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत, डिप्रेशनची किंवा एन्झायटीची गोळी बंद कशी करायची. गोळी सुरू करताना आपण दहा जणांना विचारतो आणि बंद करताना कुणालाच नाही, ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरला तर नाहीच नाही. खाली लिहितेय ते समजून घेण्यासाठी आहे, तुमचा डोस इथून ठरवता येत नाही, तो तुमच्या डॉक्टरशी बोलूनच ठरवा.

प्रश्न : मॅडम, दीड वर्षं एस्सिटालोप्राम १० एमजी घेतेय. आता छान वाटतं, घरचे पण म्हणाले की बास झालं आता, सवय लागेल. म्हणून चार दिवसांपूर्वी बंदच केली. कालपासून चक्कर येतेय, डोळे फिरवले की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, रात्री भलतीच स्वप्नं पडतात आणि उगाच रडू येतं. आजार परत आला का? की खरंच सवय लागलीय? (वाचक, नाशिक)

घाबरू नका, तुम्ही सांगताय ते बहुतेक गोळी एकदम थांबवल्याचे त्रास आहेत, ज्याला आम्ही विथड्रॉवल म्हणतो. ते डोक्यातले करंट तर याची खूणच म्हणा ना, इंग्रजीत त्याला ब्रेन झॅप्स म्हणतात आणि नुसत्या डिप्रेशनमध्ये ते होत नाहीत. चक्कर, मळमळ, फ्लू आल्यासारखं अंग मोडून येणं, झोप उडणं, चिडचिड, हेही त्यातलंच.

ओळखायचं कसं, तर आधी वेळ बघा. विथड्रॉवल डोस चुकल्यावर किंवा कमी केल्यावर दोन-चार दिवसांत सुरू होतो, आणि गोळी परत चालू केली की बऱ्याचदा एक-दोन दिवसांत उतार पडतो. आजार उलटतो तेव्हा तो असा झटक्यात येत नाही, काही आठवडे किंवा महिने जातात, हळूहळू कशातच रस वाटेनासा होतो, सकाळी उठवत नाही, लोकांचे फोन घ्यायचं टाळायला लागतो, आणि ते तुम्हाला ओळखीचं वाटतं कारण पहिल्या वेळी असंच झालेलं असतं. पण उदास वाटणं आणि रडू येणं दोन्हीकडे असतं, त्यामुळे चौथ्या दिवशी रडू आलं म्हणजे 'आता जन्मभर गोळी' असा निष्कर्ष पेशंटनं काढू नये आणि खरं सांगायचं तर घाईत असलेल्या डॉक्टरनंही काढू नये.

सवयीचं म्हणाल तर दारू-सिगारेटसारखी तलफ या गोळीची येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. मेंदूनं गोळी आहे असं धरून स्वतःची घडी बसवलेली असते, ती मोडून परत बसवायला त्याला वेळ द्यावा लागतो, एवढंच. आजच डॉक्टरला फोन करा. बहुतेक ते तुम्हाला आधीच्या डोसवर परत नेतील आणि मग टप्प्याटप्प्यानं उतरवतील.

आणि हो, प्रत्येकाला हे होतं असंही नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता, त्यात गोळी सोडणाऱ्या साधारण ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, पण औषध नसलेली नुसती साखरेची गोळी सोडणाऱ्यांपैकीही १७ टक्के लोकांना झाला! खूप तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला. म्हणजे भीतीनं गोळीला चिकटून बसायचं कारण नाही, पण आपण त्या पस्तिसातले एक आहोत की नाही हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांनीच सावकाश.

प्रश्न : २० वरून १० वर आलो काही झालं नाही, १० वरून ५ थोडं जाणवलं, पण ५ वरून शून्य केलं आणि वाट लागली. सगळ्यात छोटा डोस सोडताना सगळ्यात जास्त त्रास, हे उलटं नाही का? (वाचक, पुणे)

उलटं वाटतं पण बरोबर आहे, आणि या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

डोस अर्धा केला म्हणजे मेंदूतला परिणाम अर्धा होतो असं नसतं. २०१९ मध्ये मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोन संशोधकांनी यावर एक लेख लिहिला, त्यात सिटालोप्रामचे (एस्सिटालोप्रामचंच मोठं भावंड) आकडे होते. ही गोळी मेंदूत सेरोटोनिन (मूडशी संबंध असलेलं एक रसायन) परत खेचून घेणारे पंप अडवते. २० एमजीला साधारण ८० टक्के पंप अडतात. ९ एमजीपर्यंत खाली आलात तरी ७० टक्के अडलेलेच, म्हणजे निम्म्याहून जास्त डोस कमी केला आणि फरक फक्त दहा टक्क्यांचा. ५.४ एमजीला ६० आणि २.३ एमजीला अजून ४० टक्के. आता बघा, तुम्ही तळातल्या एवढ्याशा डोसवरून सरळ शून्यावर आलात, तर मेंदूच्या हिशोबानं तीच सगळ्यात मोठी उडी आहे, जिन्याची शेवटची पायरीच पुरुषभर उंच असावी तसं.

म्हणून शेवटच्या टप्प्यात घट लहान आणि मधला वेळ जास्त. आधीच्या डोसचा ठराविक हिस्सा कमी करायचा, कुणाला पाव तर कुणाला दहावा भाग, दोन ते चार आठवडे थांबायचं, ठीक वाटलं तर पुढं, नाहीतर आहे तिथंच मुक्काम. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी असेल तर यात काही महिने जातात, कधी त्याहून जास्त. अडचण अशी की आपल्याकडे मेडिकलमध्ये ५ एमजीच्या खाली एस्सिटालोप्राम सहसा दिसत नाही, मग पिल कटरनं अर्धी-पाव करावी लागते (विळीवर नको, चुरा होतो), किंवा कधी डॉक्टर द्रवरूप औषधावर नेतात. वहीत रोजचा डोस आणि दोन शब्दांत दिवस कसा गेला ते लिहा, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

प्रश्न : एक दिवसाआड घेतली तर? (वाचक, कोल्हापूर)

नको. बहुतेक गोळ्यांची अंगातली पातळी दोन दिवसांत बरीच खाली येते, म्हणजे दर दिवसाआड छोटा विथड्रॉवल. रोज घ्या, कमी घ्या.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीनं फ्लुओक्सेटिन एका झटक्यात सोडली, तिला काहीच झालं नाही. मला मात्र व्हेनलाफॅक्सिनची एक कॅप्सूल चुकली तरी संध्याकाळपर्यंत गरगरतं. मीच कमजोर आहे का? (वाचक, ठाणे)

अहो कमजोर कसल्या, औषध वेगळं आहे. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्य आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, ते स्वतःच स्वतःला हळूहळू उतरवतं. व्हेनलाफॅक्सिन काही तासांत उतरायला लागतं. पॅरोक्सेटिन पण असंच त्रासदायक. त्यामुळे काही वेळा डॉक्टर आधी फ्लुओक्सेटिनवर आणून मग बंद करतात, पण ही अदलाबदल स्वतःच्या मनानं करू नका. एसआर, एक्सआर असं लिहिलेल्या (औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळ्या कुटायच्या किंवा चावायच्या नाहीत, सगळं औषध एकदम सुटतं. आणि गावाला जाताना चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या बरोबर ठेवा.

प्रश्न : बाबा ६६ वर्षांचे, एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी पाच वर्षं चालू आहे. डॉक्टरकडे गेलोच नाही, जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवाला देतो. आता अर्धी करून बंद करू का? (वाचक, लातूर)

थांबा थांबा. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण अशी जोडगोळी आपल्याकडे घरोघरी सापडते आणि त्यात दोन वेगळी औषधं आहेत हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं. क्लोनाझेपाम हे झोपेच्या-एन्झायटीच्या गटातलं, साधारण सुरुवातीचे काही आठवडे देऊन काढून घ्यायचं. त्याची मात्र खरीच सवय लागते, आणि पाच वर्षांनी एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते. बाबांच्या वयात ते चालू राहण्याचाही धोका आहे, तोल जाणं, पडणं, विसरणं.

गोळी अर्धी केली की दोन्ही औषधं एकाच वेळी अर्धी होतात आणि मग त्रास झाला तर कशामुळे ते कुणालाच कळत नाही. त्यामुळे सायकियाट्रिस्टकडे न्या (सिव्हिल हॉस्पिटलला, मेडिकल कॉलेजला ओपीडी असते), ते बहुधा दोन्ही औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत देतील आणि एका वेळी एकच उतरवतील. तोपर्यंत एकही डोस चुकवू नका. मेडिकलवाल्यावर मला राग नाही, तो मागितलेलं देतो, पण पाच वर्षं कुणीच बाबांना 'आता कसं वाटतं' हे विचारलं नाही हे मात्र खटकतं.

प्रश्न : प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि मी लगेच सरट्रालीन बंद केली. बरोबर केलं ना? (वाचक, नागपूर)

अभिनंदन! पण एकटीनं ठरवू नका, आजच डॉक्टरला फोन करा. गरोदरपणात आजार उलटणं हे आई आणि बाळ दोघांनाही बाधू शकतं, आणि सरट्रालीन ही या काळात, अगदी स्तनपानातही, बऱ्याचदा चालू ठेवली जाणारी गोळी आहे. पॅरोक्सेटिन असती तर बोलणं वेगळं झालं असतं. गायनॅक आणि सायकियाट्रिस्ट दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

प्रश्न : गोळी सोडून अश्वगंधा आणि ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वर्ट घेऊ का? नॅचरल आहे म्हणून. (वाचक, पणजी)

सेंट जॉन्स वर्ट (डिप्रेशनसाठी विकलं जाणारं एक वनस्पतीचं औषध) तर अजिबात नको, गोळी अंगात असताना ते घेतलं तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून घाम, कापरं, ताप, गोंधळ असं होऊ शकतं. अश्वगंधा गोळीची जागा घेत नाही, आणि चालू असेल तर डॉक्टरपासून लपवू नका.

प्रश्न : मला सोडायचीच आहे, पण परत आजार आला तर? दोनदा येऊन गेलाय. (वाचक, दादर)

येऊ शकतो, खोटं कशाला सांगू. २०२१ मध्ये यूकेतला अँटलर नावाचा अभ्यास आला, त्यात बऱ्या झालेल्या आणि सोडायचा विचार करणाऱ्या लोकांचे दोन गट केले. वर्षभरात गोळी सोडलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांना आजार परतला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. म्हणजे सोडल्यानं धोका वाढतो हे खरं, पण सोडलेल्या शंभरातले चव्वेचाळीस जण वर्षभर ठीक राहिले हेही खरं, आणि गोळी चालू ठेवणं म्हणजे हमी नाही हेही.

पहिलाच झटका असेल तर बरं वाटायला लागल्यावर निदान सहा-नऊ महिने गोळी चालू ठेवतात, तुमच्यासारखं दोनदा झालं असेल तर दोन वर्षं किंवा जास्तही. ती मुदत झाली असेल तर वेळ निवडा. घरात लग्न, नोकरी बदल, मुलांची दहावी, कुणाचं आजारपण, यातलं काही चालू असेल तर दोन-तीन महिने पुढं ढकला, काही बिघडत नाही. घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा की माझ्यात काय बदललं तर मला टोकायचं, कारण आपलं आपल्याला उशिरा कळतं. समुपदेशन चालू असेल तर याच काळात बंद करू नका.

आणि मधे कधी जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, किंवा एका जागी बसवतच नाही इतकी तगमग झाली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा. टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालू असते, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.