पेशींना ‘लागण’ झाली म्हणावे का?

प्रश्न असा: इंग्रजी मजकुरातल्या ‘ट्रान्सडक्शन’साठी (विषाणुकणांवाटे पेशींत जनुक पोचवणे) ‘टॅग लावलेले मानवी जनुक असलेल्या लेंटिव्हायरल कणांची पेशींना लागण झाली’ हे भाषांतर बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. लागण म्हटले की एकाकडून दुसऱ्याकडे पसरणे आले, आणि हे लेंटिव्हायरल कण, म्हणजे लेंटिव्हायरस गटातल्या विषाणूपासून जनुक पोचवण्यासाठी बनवलेले कण, तर पसरू नयेत असेच घडवलेले असतात. तिसऱ्या पिढीच्या पद्धतीत मुख्यतः एचआयव्ही-१ पासून घेतलेला मालमसाला चार प्लास्मिडांत (डीएनएच्या छोट्या वर्तुळांत) वाटून २९३टी नावाच्या मानवी पेशींत घालतात, त्या हे कण तयार करतात. कणात भरले जाण्याचा संकेत फक्त आपले जनुक असलेल्या प्लास्मिडावर असतो. कवच आणि विकरे घडवणारी जनुके मागेच राहतात. त्यामुळे कण पेशीत एकदा शिरतो, जनुक गुणसूत्रात बसवतो आणि तिथेच थांबतो. पुढे पेशी विभागली की ते जनुक नव्या पेशींतही जाते, कण पुन्हा घालावे लागत नाहीत.

गंमत म्हणजे ऊसवाल्यांची ‘लागण’ याला जास्त जवळची आहे. आडसाली लागण म्हणजे आडसाली लावणी, आणि खोडव्याला (तोडणीनंतर त्याच खोडांतून फुटणाऱ्या उसाला) बेणे पुन्हा लावावे लागत नाही. पण पेशींच्या संदर्भात वाचकाला आधी आजारच आठवणार, म्हणून तो शब्द टाळावा.

‘ट्रान्सडक्शन’ तसेच ठेवा. त्याच्या जागी ‘ट्रान्सफेक्शन’ मात्र घालू नका. ट्रान्सफेक्शनमध्ये विषाणू नसतो, रसायनाच्या किंवा विजेच्या मदतीने डीएनए थेट आत ढकलतात आणि बहुतेक पेशींत तो काही दिवसांत विरळ होतो. वरचे कण तयार करताना २९३टी पेशींचे होते ते ट्रान्सफेक्शन, नंतर त्या कणांनी आपल्या पेशींचे होते ते ट्रान्सडक्शन. भाषांतरात हे दोन्ही एक झाले की कृतीच उलगडत नाही.

‘कणांची संख्या’ हा शब्दप्रयोगही जपून करा. पी२४ हे कणाच्या गाभ्यातले प्रथिन मोजून येणाऱ्या आकड्यात पोकळ, निकामी कणही धरले जातात. जनुक खरोखर पोचवणारे कण पुष्कळ कमी असतात, त्यांना ‘कार्यक्षम कण’ म्हणावे. ‘पेशीमागे १ कण’ हीसुद्धा सरासरीच. त्या प्रमाणात सुमारे ३७ टक्के पेशी जनुकाविना कोऱ्या राहतात. बहुतेकींत जनुकाची एकच प्रत हवी असेल तर पेशीमागे ०.३ कण घेतात. मग जनुक मिळते जेमतेम २६ टक्के पेशींना, पण त्यांतल्या सुमारे ८६ टक्के पेशींत प्रत एकच असते. कण उणे ८० अंशांवर छोटे छोटे भाग करून गोठवतात, कारण वितळवून पुन्हा गोठवले की दर वेळी कार्यक्षम कण घटतात.

‘टॅग’ला ‘खूण’ चालेल, पण टॅग हा प्रथिनाचाच जोडतुकडा असतो (उदाहरणार्थ, डीडीके नावाचा टॅग ८ अमिनो आम्लांचा), हे एकदा सांगावे. तो प्रथिनाच्या शेपटाकडे जोडताना जनुकाचा थांबा-संकेत (‘प्रथिन इथे संपले’ असे सांगणारा) काढावा लागतो, नाहीतर टॅग तयारच होत नाही.

शुद्धलेखन: सुटा ‘विषाणू’ दीर्घ, समासात ‘विषाणुकण’ ऱ्हस्व.

वाक्य असे करा: ‘टॅग जोडलेले मानवी जनुक लेंटिव्हायरल विषाणुकणांवाटे पेशींत घातले (ट्रान्सडक्शन).’