यामाउची योदो खरंच दोन्ही डगरींवर हात ठेवून होता का?

जपानची शोगुनशाही, म्हणजे तोकुगावा घराण्याची लष्करी राजवट, बुडत असताना तोसा प्रांताचा दाइम्यो (सरंजामदार) यामाउची योदो दोन्ही डगरींवर हात ठेवून होता का, असं तुम्ही विचारलंय. त्याच्याबद्दल टोमणाच होता: प्यायला की सम्राटाचा, उतरली की शोगुनचा. टोमणा झकास आहे, पण मला तो अन्यायाचा वाटतो.

आधी 1600 साल बघा. सेकिगाहाराच्या लढाईनंतर तोकुगावा इएयासुने तोसा प्रांत चोसोकाबेंकडून काढून यामाउचींना दिला. पुढे शोगुनशाहीवर उठलेले सात्सुमा आणि चोशू हे प्रांत मात्र त्या लढाईत हरलेल्या बाजूला होते. त्यांना तोकुगावांचं काही देणं नव्हतं. योदोच्या घराण्याने तोकुगावांचंच मीठ खाल्लेलं. शोगुनच्या वारशाच्या वादात योशिनोबुची (पुढे तोच शेवटचा शोगुन झाला) बाजू घेतली म्हणून 1859मध्ये त्याच शोगुनशाहीने त्याला नजरकैदेत टाकलं, तरी तो उलटला नाही. पण म्हणून तो क्रांतिकारकांचाही नव्हता. सम्राटनिष्ठांचा पुढारी ताकेची हानपेइता त्याच्याच पदरचा. त्याला 1865मध्ये सेप्पुकू (पोट चिरून आत्महत्या) करायला लावलं ते योदोनेच.

मग 1867चं ते निवेदन. शोगुन योशिनोबुने सत्ता आपणहून सम्राटाला परत करावी, ही कल्पना तोसाचा सामुराई साकामोतो र्योमाची की योदोचा कारभारी गोतो शोजिरोची यावर हवा तितका वाद घाला, निवेदन गेलं योदोच्या नावाने. यातली मेख अशी, की सत्ता सोडली तरी तोकुगावांच्या जमिनी शाबूत राहणार आणि दाइम्योंच्या मंडळात योशिनोबुच वजनदार ठरणार. योशिनोबुने नोव्हेंबरमध्ये ते मान्य केलं आणि सात्सुमा-चोशूच्या हातातलं लढाईचं निमित्तच गेलं.

म्हणूनच 3 जानेवारी 1868चा राजवाड्यातला सत्तापालट. त्या रात्रीच्या बैठकीला योशिनोबुला बोलावलंच नव्हतं. योदो प्यालेला होता म्हणतात. तरी तिथे तोंडावर बोलला तोच: चार दरबारी कोवळ्या सम्राटाला पुढे करून सत्ता लाटताहेत. सम्राट पंधरा वर्षांचा, त्यामुळे दरबारी इवाकुरा तोमोमीने नेमका ‘कोवळा’ हा शब्द पकडून योदोला गप्प केलं. मुद्दा योदोचा बरोबर होता, पण बाहेर पहारा सात्सुमाच्या सैनिकांचा होता.

महिन्याच्या आत क्योतोजवळ तोबा-फुशिमीला सात्सुमा-चोशू आणि तोकुगावांच्या तोफा धडाडल्या. योदोने तटस्थ राहायला सांगूनही तोसाच्या काही तुकड्या तोकुगावांविरुद्ध लढाईत उतरल्याच. पुढे तोसाचाच सामुराई इतागाकी तोसाची फौज घेऊन तोकुगावांवर चालून गेला. योदो 1872मध्ये वारला. स्वतःला तो देवमाशांच्या समुद्राचा झिंगलेला सरदार म्हणवून घ्यायचा, त्यामुळे टोमणे मारणाऱ्यांचं निम्मं काम त्यानेच करून ठेवलं होतं.