थ्रिलर ओपनिंगसाठी कॅमेरा कोणता? आधी पंखा बंद करा

प्रश्न असा आहे: मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला दोन मिनिटांची थ्रिलर ओपनिंग, म्हणजे सिनेमाची टायटल्ससकट सुरुवात, करायची आहे, चौघांचा ग्रुप आहे, पाच हजार खर्च करता येतील. डीएसएलआर भाड्याने घ्यावा की मोबाइलवर भागेल? लेन्स कोणती?

मोबाइलवर भागेल. लेन्सचं शेवटी बघू, कारण असल्या प्रोजेक्टची माती लेन्समुळे होत नाही, आवाजामुळे होते. आणि तुमच्या पूर्ण प्रश्नात ‘माइक’ हा शब्दच नाही.

नेहमीचाच सीन घ्या, बहुतेक ग्रुप फिरून फिरून त्याच्यावरच येतात. मुलगी रात्री फ्लॅटवर परत येते, कुलूप आधीच उघडं, आत अंधार, स्वयंपाकघरात कुणीतरी आहे. कागदावर झकास. शूट होतो तो असा: कॅमेरा हॉलच्या कोपऱ्यात, मुलगी दहा फुटांवर, आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर. पंखा चालू, कारण घाम. फ्रिज चालू, कारण तो कुणाला ऐकूच आलेला नाही. एडिटला बसलं की पहिल्या शॉटला पंख्याची घरघर, दुसऱ्याला गायब (मधे कुणीतरी बंद केला), तिसऱ्याला फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी. दर कटला खोलीच बदलते. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण तुकडे जोडलेत हे त्याला कळतं आणि भीती तिथेच मरते. मग ते झाकायला वरून ढॅणढॅण म्युझिक चढवतात, आणि थ्रिलरची सीआयडी मालिका होते.

आता तोच सीन नीट. पंखा, फ्रिज, एसी बंद. फ्रिज बंद करताना बाइकची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर पॅकअप करून निघून जाल आणि ज्यांचं घर मागितलंय त्या काकूंचं दूध नासेल. दुसरा मोबाइल म्हणजे तुमचा रेकॉर्डर: एअरप्लेन मोडवर, डब्ल्यूएव्ही फॉरमॅट, ४८ किलोहर्ट्झ, त्याला वायरवाला कॉलर माइक. माइक तोंडापासून वीतभर. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलने पडतो. खोलीत मात्र भिंतींवरून परत येणारा घुमारा तेवढाच राहतो, म्हणून लांबून घेतलेलं वाक्य विहिरीतून आल्यासारखं वाटतं. बोलण्याचा सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. किंकाळी असेल तर गेन (रेकॉर्डिंगची पातळी) आणखी खाली, कारण शून्याला जाऊन फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवा आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाजही चालू ठेवा, सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, त्याच्यावरूनच लावायचा आहे.

माइकच्या वायरचा जॅक (टोकाची पिन) तपासा. तीन काळ्या पट्ट्यांचा मोबाइलला, दोन पट्ट्यांचा कॅमेऱ्याला. चुकीचा लावला तर मोबाइल मुकाट्याने स्वतःचाच माइक वापरतो आणि मीटर मात्र हलत राहतो. माइकवर नखाने टकटक करा, रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐका, मगच पहिला टेक.

मग प्रत्येक खोलीत सगळे गप्प उभे राहून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. ही पट्टी सगळ्या कटांखाली अंथरली की खोली एक होते. शेवटी कडी, कुलूप, चप्पल, पर्सची चेन, दिव्याचं बटण, हे प्रत्येक वेगळं, फूटभरावरून, चार-पाच वेळा. स्वयंपाकघरातला माणूस दाखवूच नका. ओट्यावर वाटी ठेवल्याचा एकच आवाज पुरे. भांडं पडल्याचा टाकू नका, मांजर वाटते.

यावर कॅमेरावाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘आवाजाचं पोस्टमध्ये बघू.’ हा वाद मी आता घालत नाही, फक्त विचारतो: पोस्ट, म्हणजे शूटनंतरचं काम, करणार कोण? ग्रुपमधला तोच एक मुलगा, सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता. डब करू म्हणाल तर चादरीखाली बसून घेतलेला आवाज त्या हॉलच्या भिंतींशी जुळवायला बसा.

चित्राचं थोडक्यात. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेम आणि ऑटो शटर ठेवलं की ट्यूबलाइटखाली फ्रेमभर पट्टे सरकतात. एक्स्पोजर (उजेड), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही लॉक करा, नाहीतर मुलगी अंधारात सरकताच मोबाइल आपणहून उजेड वाढवतो आणि भिंत दाण्यांनी भरते. अंधार म्हणजे दिवे नसणं नव्हे, दिवा एकाच बाजूला असणं. पॅसेजचा दिवा उघड्या दारातून आत येऊ द्या, बाकी सगळे बंद, आणि काळोख एडिटमध्ये वाढवा. मोबाइलचं फुटेज अनेकदा बदलत्या फ्रेमरेटचं असतं, म्हणून लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. एडिटआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून कायम २५ करून घ्या.

टायटल्स विसरू नका. आठ-नऊ नावं, प्रत्येकी तीन सेकंद, म्हणजे २५ सेकंद गेलेच. तेवढ्या शॉट्समध्ये फ्रेमची एक बाजू रिकामी ठेवा. नावं मराठीत देणार असाल तर प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात.

शूटच्या आदल्या दिवशी एक सराव करा. इंग्लंडात ए-लेव्हलच्या (आपल्या अकरावी-बारावीसारख्या) मीडिया स्टडीजला ओसीआर हे परीक्षा मंडळ बरीच वर्षं हेच काम द्यायचं, टायटल्ससकट जास्तीत जास्त दोन मिनिटांची ओपनिंग. त्याआधी मुलांकडून एवढंच करून घ्यायचे: पात्र दार उघडतं, खोली ओलांडतं, समोरच्यापुढे खुर्चीत बसतं, दोघं दोन-चार वाक्यं बोलतात. १८० अंशांची रेषा (दोन पात्रांना जोडणारी, कॅमेऱ्याने ओलांडायची नाही अशी काल्पनिक रेषा) कुठे तुटते आणि दाराच्या मुठीवरचा हात पुढच्या शॉटमध्ये कुठे असायला हवा, हे एवढ्यात कळतं. तिथेही संगीत स्वतःचं किंवा कॉपीराइट नसलेलंच चालायचं, ते तुम्हीही पाळा.

एक मान्य करतो, आजकालची एआय टूल्स पंखा बऱ्यापैकी काढून देतात. पण त्याबरोबर श्वास आणि कपड्यांची सळसळही जाते, आणि थ्रिलरला नेमकी तीच हवी असते. संवादच नसतील तर कॉलर माइक सोडा, बाकीचे आवाज मात्र वेगळे घ्याच.

राहिली लेन्स. डीएसएलआर फुकट मिळत असेल तर १८-५५ ची साधी किट लेन्स १८ ला, म्हणजे सर्वांत रुंद, ठेवून वापरा. सगळे सुचवतात ती ५० एमएम, एफ १.८, बारा फुटांच्या हॉलमध्ये घेतली तर पाठ भिंतीला टेकते तरी पूर्ण माणूस फ्रेममध्ये मावत नाही. तिचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तर मुलीने अर्धं पाऊल टाकताच फोकस जातो. भाड्याचे पैसे वाचवा, त्यात कान झाकणारे हेडफोन आणि माइक येतील. आणि चाकू घेऊन जिन्यात शूट करणार असाल, तो प्लास्टिकचा असला तरी, वॉचमनला आणि सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा.