फेडरल कोर्टाची ६० महिन्यांची शिक्षा: प्रत्यक्षात तुरुंगात किती काळ?

आपला मावसभाऊ अमेरिकेत ग्रीनकार्डावर आहे, वायर फ्रॉडच्या, म्हणजे फोन-इंटरनेटसारख्या माध्यमांतून केलेल्या फसवणुकीच्या, खटल्यात त्याला फेडरल म्हणजे केंद्रीय कोर्टाकडून ६० महिन्यांची शिक्षा होण्याची चिन्हे आहेत, आणि निम्मी शिक्षा भोगून तो पॅरोलवर सुटेल असे कोणीतरी सांगितले, ते खरे का, असे आपण विचारले आहे. ते खरे नाही. १९८४ च्या कायद्याने फेडरल पॅरोल बंद केला असून, १ नोव्हेंबर १९८७ पासून घडलेल्या गुन्ह्यांना तो लागू नाही. अनेक राज्यांच्या तुरुंगांत मात्र पॅरोल अजून आहे, आणि असली ऐकीव माहिती बहुधा तिथूनच येते.

शिक्षेतील पहिली सूट चांगल्या वर्तनाची. कोर्टाने दिलेल्या शिक्षेच्या प्रत्येक वर्षामागे जास्तीत जास्त ५४ दिवस कमी होतात, म्हणजे ६० महिन्यांत २७० दिवस. कोठडीत मोबाइल सापडल्यासारखे प्रकार घडले, तर या दिवसांना कात्री लागते. ही सूट एक वर्षाहून अधिक शिक्षेलाच मिळते. त्यामुळे वकील कधीकधी न्यायाधीशांकडे मुद्दाम एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा मागतात, कारण बारा महिन्यांची शिक्षा झालेला कैदी त्याच्यापेक्षा उशिरा सुटतो!

दुसरी सूट डिसेंबर २०१८ च्या फर्स्ट स्टेप कायद्याची, आणि तिचा हिशेब किचकट आहे. नेमून दिलेले वर्ग किंवा काम करणाऱ्या कैद्याला दर ३० दिवसांमागे १० दिवस मिळतात. पुन्हा गुन्हा करण्याचा धोका कमी असल्याचे तुरुंगाच्या मूल्यमापनात लागोपाठ दिसले, तर १५ दिवस. या जमेतून जास्तीत जास्त बारा महिने सुटका अलीकडे येते, तेही कोर्टाने सुटकेनंतरच्या देखरेखीचा काळ शिक्षेत घातला असेल तरच. उरलेले दिवस हाफवे हाऊसमध्ये, म्हणजे सुटकेआधी कैद्यांना ठेवतात अशा तुरुंगाबाहेरच्या देखरेखीतील निवासात, किंवा घरच्या नजरकैदेत काढता येतात. सगळे सुरळीत झाले, तर ६० महिन्यांचे आधी सुमारे ५१ आणि मग सुमारे ३९ होतात, आणि त्यातलेही शेवटचे काही महिने तुरुंगाबाहेर जातात. काही गुन्ह्यांना हा लाभ कायद्यानेच नाकारला आहे. साधा वायर फ्रॉड त्या यादीत नाही.

आपल्या भावाच्या बाबतीत खरी मेख इथे आहे. ज्याच्यावर हद्दपारीचा अंतिम आदेश झाला आहे, त्याला फर्स्ट स्टेपचे दिवस मिळवता येतात, पण वापरता येत नाहीत. फसवणुकीतील नुकसान १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर ग्रीनकार्डधारक हद्दपारीस पात्र ठरतो. हद्दपारीचे काम पाहणाऱ्या आइस (ICE) या सरकारी खात्याने तुरुंगाकडे नुसती ताब्यात घेण्याची विनंती पाठवली असेल, तर तेवढ्याने हे दिवस बुडत नाहीत. अंतिम आदेशाने बुडतात. व्यसनमुक्तीचा निवासी कार्यक्रम पूर्ण करणाऱ्याला आणखी एक वर्षापर्यंत सूट मिळू शकते, मात्र आइसची तशी विनंती असलेल्यांना तीही नाही. शिवाय हद्दपारीस पात्र परदेशी नागरिकाला सहसा कुंपण नसलेल्या छावणीत न ठेवता त्याच्या वरच्या श्रेणीच्या तुरुंगात ठेवतात.

म्हणून गुन्हा कबूल करण्याच्या करारावर सही करण्यापूर्वी त्यात हद्दपारीच्या आदेशाला संमती देणारे कलम आहे का, हे बारकाईने पाहायला सांगावे. घाईत दिलेल्या त्या एका संमतीने वर सांगितलेले जवळजवळ एक वर्ष हातचे जाते. कबुलीमुळे हद्दपारीचा धोका आहे का, हे अशिलाला सांगणे बचावाच्या वकिलाचे कर्तव्यच असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले आहे. तरीही फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनचा वेगळा वकील नेमणे मी आवश्यक मानतो, कारण दोन्ही विषय उत्तम जाणणारे वकील फार थोडे.

मी स्वतः वकील नाही. भाऊ सध्या जामिनावर आहे की कोठडीत, आणि आरोपपत्रात नुकसानीची रक्कम किती दाखवली आहे, एवढे नाव न देता कळवल्यास हिशेब अधिक नेमका मांडता येईल. कोठडीत असल्यास ते दिवस शिक्षेतून वजा होतात, मात्र त्या दिवसांवर फर्स्ट स्टेपची जमा होत नाही.