फ्तूर आणि फितूर

मोरोक्कन पाककृती मराठीत आणताना एकांना शंका आली. रमजानमध्ये रोजा सोडतानाच्या खाण्याला तिकडे ‘फ्तूर’ म्हणतात, आणि एरवी सकाळच्या न्याहारीलाही ‘फ्तूर’च. हे कसं? शिवाय आपला ‘फितूर’ याच घरातला का?

दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी: नाही. अरबीत दोन ‘त’ आहेत, एक आपल्यासारखा हलका आणि एक जिभेचा मागचा भाग उचलून काढायचा, जड. देवनागरीत दोघांची वर्णी एकाच ‘त’वर लागते आणि असे घोटाळे होतात. हलक्या ‘त’चा ‘फुतूर’ म्हणजे ढिलेपणा, मंदपणा. फारसीमार्गे येताना त्यात बिघाड, बखेडा शिरला आणि मराठीत तर किल्लेदारच फितूर होऊ लागले. आता किल्लेदार राहिले नाहीत, पण ‘साक्षीदार फितूर’ ही बातमी अजून छापून येतेच.

जड ‘त’च्या धातूचा अर्थ चिरणे, फोडणे. त्यावरून उपास मोडणे. इफ्तार, ईद-उल-फित्र, ईदच्या नमाजाआधी गरिबांना द्यायचा फितरा, सगळी याचीच भावंडं. मोरोक्कन बोली लघु स्वर गिळून टाकते, म्हणून ‘फ्तूर’. रात्रभराचा उपास सकाळी मोडा किंवा दिवसभराचा मावळतीला, मोडणं तेच. वेळ शब्दात नाहीच. (मावळतीवरून आठवलं: त्या देशाचं अरबी नाव अल-मग्रिब, म्हणजे मावळतीचा मुलूख. मावळतीच्या म्हणजे मग्रिबच्या अजानीला मग्रिबात रोजा सुटतो!)

बदलतं ते ताट. एरवी पाव, ऑलिव्हचं तेल, पुदिन्याचा चहा. रमजानात खजूर, दूध, मीठ-जिरं लावून उकडलेलं अंडं, मधात बुडवलेली तिळाची शबाकिया आणि वाडगाभर हरीरा, म्हणजे दाट सूप. त्यात टोमॅटो, मसूर, छोले, कोथिंबीर, बहुधा थोडं मटण, आणि शेवटी पीठ लावायचं, अगदी आपण अळूच्या पातळ भाजीला लावतो तसं. हात थांबला की गुठळ्या.

गंमत आपल्याकडच्या शब्दांचीही आहे. फारसीत ‘नाश्ता’ म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला. इराणात रक्ततपासणीला ‘नाश्ता’ जायचं म्हणजे उपाशीपोटी! ‘न्याहारी’च्या मागेही निरन्न अशा अर्थाचा ‘नहार’च आहे, हिंदीतल्या ‘निहार मुँह’मधला. अरबीने नाव दिलं उपास मोडण्याला, फारसीने रिकाम्या पोटाला. आणि आपला फराळ? फलाहार म्हणून निघाला आणि दिवाळीच्या चकलीपर्यंत पोचला.

तेव्हा भाषांतरात रमजानचा संदर्भ असेल तिथे ‘इफ्तार’ लिहा, एरवी ‘न्याहारी’. ‘फ्तूर’च ठेवायचा असेल तर जोडाक्षर नीट तपासा. मुद्रितशोधकाने सवयीने ‘फितूर’ केलं, तर हरीरा कोणाला फितूर झाला हे वाचक विचारणारच.